हळद लाल होईपर्यंत

"झाला! परत साबण झाला!" मेहजबीन बाटली उलटी धरून ओरडली.

खरंच झाला होता. बाटली उलटी केली, हलवली, बुडावर थापटली, तरी आतलं काही खाली येईना. पिवळट, थुलथुलीत, मधे मधे बुडबुडे अडकलेलं. आम्हाला हवं होतं डिझेल, आणि देव आम्हाला दर खेपेला साबण देत होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक डोकं आत आलं. शेजारी पोषण आहाराची खोली होती आणि तिथे खिचडी शिजवणाऱ्या कलामावशींचा एक कान कायम आमच्याकडे असायचा.

"आज बी साबणच का? आणा हिकडं. माझी कढई ऱ्हायलीया घासायची."

"मावशी, हा साबण नाहीये. हा प्रयोग आहे," मी म्हणाले.

"मग प्रयोगानं घासते! मागच्या प्रयोगानं पातेलं आसं निघालं, त्यात बघून भांग पाडला मी."

मेहजबीन हसून हसून खाली बसली. मी नाही हसले. मला रडू येत होतं.

दोन वर्षं झाली याला. तेव्हा आम्ही आठवीत होतो, आता दहावीत आहोत. आमची शाळा फाट्यावर आहे, म्हणजे हायवेवरून गावाकडे रस्ता वळतो तिथे. समोर भजी-वड्यांच्या गाड्यांची रांग. त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय होता 'टाकाऊतून ऊर्जा'. आमचे विज्ञानाचे ठोंबरे सर वर्गात म्हणाले, "आपल्या फाट्यावर रोज काय वाया जातं?" सगळा वर्ग एका सुरात, "प्लास्टिक!" मी म्हणाले, भज्यांचं जळकं तेल. म्हणजे मनात म्हणाले. पण ओठ हलले असणार, कारण सर थेट माझ्या बाकापाशी आले.

"लोहार, मोठ्यानं."

तोपर्यंत मी वर्गात 'हजर सर' सोडून काही बोलले नव्हते. खोटं नाही सांगत. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची, दुकानात गेले तर चिठ्ठी पुढे करायची. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्या दिवशी मी उभी राहून म्हणाले, "सर, गाड्यावरचं जळकं तेल ओढ्यात ओततात. ते पेटतं. पप्पांनी एकदा चिंधीला लावून पेटवलं होतं. मग त्याच्यावर इंजिन नाही का चालणार?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ये. लिही तुझा प्रश्न फळ्यावर."

तिथून मी जी बोलायला लागले ती अजून थांबले नाहीये.

तेलाचं डिझेल करायचं म्हणजे काय, ते सरांनी असं शिकवलं की अजूनही मला झोपेतून उठवून विचारा. तेल गरम करायचं, पण उकळू द्यायचं नाही. मेथॅनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवायचा, हे काम फक्त सर करायचे, हातमोजे घालून, खिडक्या उघडून. दोन्ही एकत्र करून तासभर ढवळायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी खाली काळपट ग्लिसरीन बसतं, वर राहतं ते आपलं डिझेल. ऐकायला सोपं. पण जळकं तेल आंबलेलं असतं. त्यातला आंबटपणा कॉस्टिक सोडा खाऊन टाकतो, म्हणून सोडा जास्त घालावा लागतो, आणि जास्त घातला की साबण!

सोडा किती घालायचा हे कळायला एक चाचणी होती. शाळेतलं रसायन मुदत संपलेलं निघालं, तेव्हा सर म्हणाले, हळद चालेल. मी धावत मावशींकडे. "मावशी, चिमूटभर हळद." "कुणाला लागलं?" "तेलाला!" मावशींनी कागदात पुडी बांधून दिली. बशीत थोडं तेल, त्यात स्पिरिट, वर हळद. मग कॉस्टिकचं पातळ पाणी थेंब थेंब सोडायचं. आंबटपणा संपला की पिवळी हळद एकदम कुंकवासारखी लाल होते. जेवढे थेंब जास्त, तेवढं तेल खराब. मेहजबीनच्या अब्बांच्या गाड्यावरच्या तेलात थेंब पडतच राहायचे, पडतच राहायचे, आणि हळद ढिम्म पिवळी.

"अब्बांना सांगू नको हां," मेहजबीन म्हणायची. "रोज नवीन तेल असं पाटीवर लिहिलंय."

तालुक्याला आम्ही नुसत्या कल्पनेवर निवडून आलो होतो. जिल्ह्याला मात्र आकडे लागतात. एवढ्या तेलातून डिझेल किती उतरलं? साखर कारखान्यासारखाच आम्ही त्याला उतारा म्हणायचो. आमचा उतारा निम्म्याच्या जरा वर. बाकी सगळा साबण, मावशींच्या कढईसाठी.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," सर सांगायचे. "आज फक्त तापमान. उद्या फक्त सोडा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे झालं ते कळणारच नाही."

आम्ही तापमान बदललं. मेथॅनॉल वाढवलं. ढवळायचा वेळ वाढवला, मेहजबीनचा हात भरून आला. उतारा थोडा चढायचा आणि तिथेच बसायचा. मुख्याध्यापक पाटणे सर दाराशी येऊन विचारायचे, "काय ठोंबरे, गाडी कुठवर?" ठोंबरे सर हसायचे, पण त्यांच्या कपाळावरची शीर दिसायची. आमची शाळा कधीच जिल्ह्याला गेली नव्हती, आणि सरही शाळेत नवीनच होते, अजून कायम व्हायचे होते.

मग मला कल्पना सुचली.

आई तोंडाला मुलतानी माती लावते. का, तर ती तेल ओढून घेते. मग तेलातली घाण ओढून नाही का घेणार? मी दुसऱ्या दिवशी माती घेऊनच शाळेत गेले. फडक्यात घालून तेल गाळलं. काळं होतं ते तपकिरी झालं. मी नाचले. अक्षरशः बाकावर चढून नाचले.

सर बराच वेळ बाटली उजेडात धरून बघत राहिले. "चांगली कल्पना आहे, लोहार. पण याला वेळ द्यायला हवा. मी घरी नेऊन सावकाश गाळतो."

सोमवारी सर डबा घेऊन आले. झाकण काढलं तर आत सोनं! पिवळंधमक तेल. बशीत घेतलं, हळद घातली, दोनच थेंब सोडले आणि हळद लाल!

"सर!" मी एवढंच म्हणू शकले.

"तुझी माती," सर म्हणाले.

त्या आठवड्यात साबण झालाच नाही. उतारा इतका चढला की मेहजबीन म्हणाली मापातच चूक आहे, परत मोज. परत मोजला, तेवढाच. आम्ही बाटली घेऊन माझ्या पप्पांच्या दुकानात गेलो. पप्पा पाणी उपसायची जुनी इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी आमचं डिझेल घातलं, हँडल मारलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. पप्पांनी धुराकडे नाक नेलं.

"आयला, भज्यांचा वास कसा न्हाई गं?"

"मातीनं खाल्ला, पप्पा!"

"मागच्या टायमाला तर सगळ्या गल्लीला भूक लागलेली."

"तेव्हा माती नव्हती ना!" मी ठसक्यात म्हणाले. मला सगळ्याचं उत्तर येत होतं त्या दिवसांत. प्रार्थनेच्या वेळी पाटणे सरांनी मला पुढे बोलावून माइक दिला आणि मी सगळ्या शाळेला समजावून सांगितलं, मुलतानी माती काय काय करते ते. टाळ्या पडल्या. खिडकीतून मावशी पण टाळ्या वाजवत होत्या, हातात झारा तसाच.

त्याच दिवसांत खिचडी कोरडी व्हायला लागली. घशाखाली उतरेना. पोरं मावशींना म्हणायची, "मावशी, वाळू शिजवली का?"

"तेल मापूनच मिळतंय रं बाबा. कपाटात पिशव्याच कमी दिसत्यात. सरास्नी सांगितलंय मी."

कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही. मी भाषण पाठ करत होते.

जिल्ह्याला जायच्या आधी चार-पाच दिवस पोषण आहाराची तपासणी आली. कपाट उघडलं. तेलाच्या पिशव्या भरल्या असायला हव्या होत्या, त्याच्या निम्म्याही नव्हत्या. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे वऱ्हांड्यात ताटं घेऊन बसलो होतो, तेव्हा पाटणे सर, तपासणीचे साहेब आणि ठोंबरे सर बाहेर आले.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच," पाटणे सर म्हणाले. "एक ठोंबरे सरांकडे, कारण पोषण आहाराचं काम त्यांच्याकडे आहे. दुसरी तुमच्या कमरेला. मग तेल गेलं कुठं, कलाबाई?"

"मला काय ठावं? मीच तर सांगत हुते, तेल कमी हाय म्हून. ठोंबरे सर, सांगा की. सांगितलं हुतं का न्हाई तुमास्नी?"

ठोंबरे सर साहेबांकडे बघत म्हणाले, "काहीतरी बोलल्या होत्या. माझ्या लक्षात नाही नीट."

"पिशवी दाखवा तुमची," साहेब म्हणाले.

मावशींनी आपली कापडी पिशवी वऱ्हांड्याच्या फरशीवर पालथी केली. सगळ्या शाळेसमोर. पानाची डबी पडली, जुनी साडी फाडून केलेली चुंबळ पडली, आणि आमच्या साबणाच्या, मावशींनी वाळवून केलेल्या दोन वड्या घरंगळल्या.

"हे काय?"

"त्यो प्रयोग हाय," मावशी म्हणाल्या.

पोरं हसली. मावशी त्यांच्याकडे बघून हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. मग खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरायला लागल्या. मी उठून वड्या उचलून दिल्या. त्या मला म्हणाल्या, "ऋतू, तू जेव. गार हुतंय."

दुसऱ्या दिवसापासून मावशी आल्या नाहीत. समितीची बैठक होईपर्यंत येऊ नका, असं सांगितलं होतं त्यांना.

मला वाईट वाटलं, पण प्रदर्शन तोंडावर होतं. त्यासाठी मला मस्त मांडणी करायची होती. एका बशीत जळकं तेल, दुसऱ्या बशीत मातीतून गाळलेलं, आणि परीक्षकांसमोर हळदीची चाचणी. बघा, आधी किती थेंब, नंतर किती! सरांच्या डब्यातलं तेल संपत आलं होतं, म्हणून मी म्हटलं आपणच गाळू. भरपूर माती घेतली. दिवसभर गाळलं. पुन्हा गाळलं. तेल छान फिकट झालं. बशीत घेतलं आणि थेंब सोडायला सुरुवात केली.

हळद पिवळी. अजून थेंब. पिवळीच.

"सरांच्या घरची माती वेगळी असेल," मेहजबीन म्हणाली आणि पोस्टर रंगवायला निघून गेली.

मी एकटीच बसले. सरांनी सांगितलेलंच आठवलं: आकडा पटत नसेल तर अगदी चांगल्या तेलावर चाचणी करून बघ, म्हणजे हात चुकतोय का ते कळेल. शेजारच्या खोलीत नवीन बाई आल्या होत्या. त्यांच्याकडून पोषण आहाराच्या पिशवीतलं वाटीभर तेल आणलं. हळद घातली. दोन थेंब, लाल.

सरांच्या डब्यातलं उरलेलं तेल घेतलं. दोन थेंब, लाल. दोन्ही बशा शेजारी ठेवल्या. तोच रंग. तोच वास, म्हणजे वासच नाही. पप्पांचं नाक आठवलं.

माझी माती फक्त रंग काढत होती. आंबटपणा तिनं कधी काढलाच नव्हता. डब्यात माझी कल्पना नव्हतीच. त्यात आमची खिचडी होती.

ठोंबरे सर वर्गात फळा पुसत होते.

"सर, डब्यातलं तेल गाड्यावरचं नाहीये."

"कोण म्हणतं?"

"हळद."

त्यांनी डस्टर खाली घेतलं. "लोहार, दार लोट."

"उघडं राहू दे, सर."

सर बाकावर बसले. मुलांच्या बाकावर, गुडघे अडकवून. "मी घरी रात्र रात्र जागून करून बघितलं. तुझी माती, मीठ, गरम पाणी, सगळं. आपल्याकडच्या सामानात जळक्या तेलाचा उतारा याच्यावर जात नाही. जिल्ह्याला मोठमोठ्या शाळा येतात, त्यांच्या मागे कॉलेजं उभी असतात. तिथे तुम्हाला नेऊन हसं करून घ्यायचं होतं का?"

"तुम्हीच म्हणालात, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्ही तेलच बदललं आणि आम्हाला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू माइकसमोर तशी बोलली असतीस?" ते एकदम म्हणाले. "बघ स्वतःकडे. दिवाळीच्या आधी नाव विचारलं तरी तुझी मान वर येत नव्हती. मी कुणासाठी केलं हे?"

मी मान वरच ठेवली.

"आणि मावशी?"

"त्यांच्यावर येईल असं नव्हतं वाटलं. पिशव्या परत भरून ठेवणार होतो. तपासणी मधेच आली." त्यांनी डस्टर बाकावर आपटलं, पांढरी धूळ उडाली. "प्रदर्शन होऊ दे. परवा मी स्वतः पाटणे सरांना सगळं सांगतो. मावशींना परत आणतो. शब्द देतो तुला. तोपर्यंत गप्प राहशील?"

मी हो म्हणाले. का नाही म्हणणार? ते ठोंबरे सर होते. मला वाटलं, दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे. मावशी पण परत येतील आणि बक्षीस पण येईल.

जिल्ह्याला आम्ही जीपमधून गेलो. पुढे पाटणे सर आणि ठोंबरे सर, मागे आम्ही दोघी, मांडीवर बाटल्या. मेहजबीन भाषण पुटपुटत होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. पाटणे सर मागे वळून आम्हाला म्हणाले, "पोरींनो, नाव काढा शाळेचं. आधीच त्या तेलाच्या भानगडीनं नको झालंय." मग ठोंबरे सरांना, "बरं, काल समितीनं ठराव केला. कलाबाईंना कायमचं कमी केलं. चोरीचं कारण लिहिलंय. तुमची सही राहिली होती, क्लार्क म्हणत होता."

मी ठोंबरे सरांच्या मानेकडे बघत होते. आता सांगतील. निदान 'उद्या बोलू' म्हणतील.

"झाली, सर," ठोंबरे सर म्हणाले. "सकाळी निघायच्या आधी करून टाकली."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी बाटल्या घट्ट धरल्या.

परीक्षक एक मॅडम होत्या, कुठल्याशा कॉलेजच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मेहजबीननं घडाघडा सांगितलं: फाट्यावरचं टाकाऊ तेल, मुलतानी माती, उतारा. मॅडम खूश झाल्या. आकडा ऐकून त्यांनी चष्मा लावला.

"जळक्या तेलातून एवढा उतारा? कमाल आहे. तेल नक्की कुठलं?"

मेहजबीन तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मॅडम, मी करून दाखवते."

मी तीन बशा मांडल्या. गाड्यावरचं तेल. मी स्वतः मातीतून गाळलेलं. आणि सरांचा डबा. हळद घातली. थेंब सोडले. पहिल्या दोन बशा पिवळ्याच राहिल्या, तिसरी लगेच लाल झाली. आजूबाजूची मुलं गोळा झाली.

"हे तिसरं ताजं तेल आहे," मी म्हणाले. "आमच्या शाळेच्या खिचडीचं. तुम्ही ऐकलेला आकडा याचा आहे. जळक्या तेलाचा खरा उतारा निम्म्याच्या थोडा वर आहे. आणि हे तेल चोरलं म्हणून आमच्या खिचडीच्या मावशींना काढलंय. त्यांनी नाही घेतलं."

"मग कुणी घेतलं?"

मी ठोंबरे सरांकडे बघितलं. ते खिशात रुमाल शोधत होते.

"ज्यांनी डबा आणला त्यांनी," मी म्हणाले.

पाटणे सर हसत पुढे आले. "मॅडम, मुलगी घाबरलीय. पहिल्यांदाच स्टेजवर."

"मला ती घाबरलेली दिसत नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आमच्या कागदावर काहीतरी खोडलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "खरं बोललीस. पण बाळ, आमच्याकडे त्याचा रकाना नाही."

परतताना फाट्यावर उतरल्यावर मेहजबीन म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस. निदान मी तरी खोटं बोलले नसते सगळ्यांसमोर." आणि महिनाभर तिनं माझ्याशी कट्टी धरली. ते बरोबरच होतं.

मला वाटलं, निदान मावशी तरी परत येतील. मी दुसऱ्याच दिवशी पाटणे सरांच्या खोलीत गेले. न बोलावता, 'आत येऊ का' एवढं विचारून. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. खूप शांतपणे बोलले.

"तेल विज्ञान विभागाला प्रयोगासाठी दिलं होतं, माझ्या परवानगीनं. तसं आम्ही लिहून घेतलंय. म्हणजे चोरी झालीच नाही. झालं समाधान?"

"मग मावशींना परत बोलवा ना, सर."

"त्यांच्या जागी बाई घेतल्यात. त्यांच्या पोटावर पाय देऊ का?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि आता परत घेतलं तर लोक विचारणार, मग काढलं कशाला होतं? तू हुशार आहेस. एवढं कळायला हवं तुला."

ठोंबरे सर पुढे कायम झाले. अजूनही तेच आम्हाला विज्ञान शिकवतात. चांगलं शिकवतात, खोटं कशाला बोलू. मी प्रत्येक प्रश्नाला हात वर करते. ते माझ्या मागच्या मुलीला विचारतात. मी हात खाली घेत नाही.

पण सगळ्यात वाईट काय झालं सांगू? खिचडी चांगली झाली. पिशव्या पुऱ्या येऊ लागल्या, कपाटात पुऱ्या राहू लागल्या, आणि नवीन बाईंची खिचडी चकाकायला लागली. फोडणीचा वास थेट वर्गात यायचा. पोरं बोटं चाटायची आणि म्हणायची, "बघ, कलामावशी गेली आणि तेल आलं. तीच खात होती." मी वर्गात उभी राहून सगळं सांगितलं, थेंबांसकट. कुणीतरी मागून म्हणालं, "हिचं बक्षीस गेलं, म्हणून सरांवर ढकलतेय." दुसऱ्यानं विचारलं, "मग आता तेल पुरतंय कसं?" मी म्हणाले, कारण आता प्रयोग बंद आहे. ते हसले. त्यांच्या ताटात पुरावा होता, माझ्याकडे नुसती हळद.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी मी मावशींच्या घरी गेले. त्या दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या, कुणाच्या तरी, मजुरीनं. मला बघून सूप सरकवलं, बसायला जागा केली.

मी सगळं सांगितलं. डबा, प्रदर्शन, पाटणे सर. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"मंजी मी चोर न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"कागदावर तसं लिवलंय का?"

"चोरी झालीच नाही, असं लिहिलंय."

"आन् माझं नाव?"

"तुमचं नाव नाही त्यात."

"हां." त्यांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "आवंदा पोराचं लगीन ठरत हुतं. मुलीकडचे म्हनले, आई शाळंत चोरी करताना घावली म्हनं. त्यास्नी कुटला कागद दावू?"

मी पण एक शेंग घेतली आणि फोडायला लागले. त्या माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आगं, दाना मोडतीस. टोकाला दाब." मी टोकाला दाबलं.

"नवी बाई कशी करती गं खिचडी?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता, पण हात थांबवून.

त्याच दुपारी मी दोनदा मागून घेतली होती.

"बेचव," मी म्हणाले.

"व्हय?" मावशींनी मान वर केली. किती तरी दिवसांनी त्या तशा हसल्या. "मला वाटलंच. पोरं खात्यात का तरी?"

"निम्मी टाकून देतात, मावशी," मी म्हणाले.